टोपीकराचे बूट कोरडे होते

पडद्यावर माझा आजो खाली वाकला आणि अख्खं टॉकीज ओरडायला लागलं. "घातकी! घातकी!"

शाळेची मॅटिनी होती. मालवणच्या टॉकीजमध्ये पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं कोंबलेली. पंखे नुसते आवाज करत होते. मी नववीत. आजो माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर शाळेने दिलेला नारळ. सिनेमा सुरू व्हायच्या आधी इतिहासाच्या सरांनी त्याला पडद्यासमोर उभं केलं होतं. म्हणाले, "मुलांनो, आज आपण जो अजरामर चित्रपट बघणार आहोत, त्यात या आजोबांनी काम केलेलं आहे. कुठलं काम, ते तुम्हीच ओळखा." टाळ्या पडल्या. आजोने हात जोडले. मला इतकं भरून आलं की मी मैत्रिणीचा हात घट्ट धरून ठेवला.

मग पोरांनी ओळखलं.

सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. जुना, काळा-पांढरा, लढाईचा. किल्ल्याला टोपीकरांचा, म्हणजे फिरंग्यांचा, वेढा पडलाय, बाहेर त्यांची गलबतं उभी आहेत, पण मध्ये खडक. वाट ठाऊक असल्याशिवाय आत शिरता येत नाही. आणि मग पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, एक तांडेल दिसतो. म्हणजे होडीचा मुख्य माणूस. तो वाकतो. लगेच पडद्यावर टोपीकराचे काळे उंच बूट. तांडेल हात कपाळाला लावतो. वरून एक थैली खाली पडते. मग तांडेल उभा राहतो आणि हात लांब करून खडकांमधली वाट दाखवतो. गलबतं आत येतात. किल्ला पडतो. बुरुजावर मरता मरता सरदार म्हणतो, "समुद्राने नाही, समुद्राच्या माणसाने घात केला." हे वाक्य आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. भांडणात वापरायचे.

तो तांडेल म्हणजे माझा आजो. तरुण, उंच, उघड्या छातीचा. चेहरा हुबेहूब माझ्या बापाचा.

आजोला आधी काही कळलं नाही. स्वतःचं तोंड एवढं मोठं दिसल्यावर तो लहान पोरासारखा हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? माका बघितलंस?" तेवढ्यात थैली पडली. तेवढ्यात मागून ओरडा सुरू झाला. कोणीतरी शेंगांची पुडी फेकली, ती माझ्या पाठीवर येऊन लागली. आजोचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याला ते मिटवायचं सुचलंच नाही.

मी म्हटलं, "आजो, चल, जावया घराक."

तो म्हणाला, "थांब गो. अजून आसतला. पुढे दाखवतले."

आम्ही शेवटपर्यंत बसलो. पडद्यावर किल्ला जळला, बायकांनी टाहो फोडला, सरदार मेला, गाणं झालं. आजो नारळ धरून वाट बघत होता. त्याचा खरा नमस्कार पुढे कुठेतरी येईल म्हणून. दिवे लागले तरी तो उठेना. सर आले, हसत हसत म्हणाले, "काय आजोबा, कसं वाटलं स्वतःला बघून?"

आजो म्हणाला, "बरा वाटला."

आता हा नमस्कार काय, ते सांगते. आमची जात गाबीत, दर्यावर मासे मारणारी. आमच्या वाडीत होडी पाण्यात लोटायच्या आधी तांडेल एकटा पुढे जातो. पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले की थांबतो. वाकतो, उजव्या हाताने दर्याचं पाणी घेतो, कपाळाला लावतो. मग उभा राहून हाताने दिशा दाखवतो, आज कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ती. मग बाकीचे होडीला हात लावतात. तांडेलाचा नमस्कार म्हणजे सगळ्यांचा नमस्कार. आणि तो एकदाच करायचा. होडी अडली, लाटेने मागे आणली, तरी दुसऱ्यांदा नाही. दर्याशी थट्टा करायची नसते, असं आजो म्हणायचा.

माझ्या बापाच्या जन्माआधी कधीतरी मुंबई-कोल्हापूरकडची सिनेमावाली माणसं तोंडवलीच्या पुळणीत उतरली होती. त्यांना होड्या हव्या होत्या, वल्ही मारणारी माणसं हवी होती. आमच्या वाडीतले सगळेच गेले. आजोला त्यांनी सांगितलं, "रोज करता तसं करा. कॅमेऱ्याकडे बघू नका." त्याने रोजच्यासारखं केलं. डायरेक्टर म्हणे खूश झाला, जवळ येऊन पाठ थोपटली, परत एकदा करा म्हणाला. आजो नाही म्हणाला. सगळे म्हणाले, अरे वेड्या, सिनेमा आहे हा. तो नाहीच म्हणाला. "एकदा केलंय तो केलंय." शेवटी डायरेक्टरनेच हात जोडले आणि म्हणाला, ठीक, जेवढं मिळालं तेवढं पुष्कळ.

ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. आमच्या घरात दुसरी मोठी गोष्टच नव्हती. बाप गोव्याला ट्रॉलरवर खलाशी, गणपतीला आणि शिमग्याला घरी. आये माशांची पाटी घेऊन बाजारात. घरात जे काही मोठेपण होतं ते एवढंच, की आजोचा नमस्कार सिनेमात आहे. राजांच्या आरमाराच्या सिनेमात. पाहुणे आले की आजो सांगायचा, "माझो नमस्कार थय आसा. दर्याक केलेलो." सिनेमा त्याने पाहिला नव्हता. तेव्हा तो लांब शहरात लागला होता, आणि इकडे मासेमारीचे दिवस. कोण जाणार? पुढे राहून गेलं. वाडीतल्या कोणीच पाहिला नाही. ज्यांनी पाहिला ते गावातले, शिकलेले, देवळाकडचे, म्हणजे वरच्या जातीचे. त्यांनी आजोला कधी सांगितलं नाही. आजो सांगायचा, ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि आपापसात बघायचे. तेव्हा मला वाटायचं, मान देतात.

टॉकीजमधून घरी चालत निघालो.  वाडी जवळ आली तसा आजो थांबला. "गो, एक सांग माका. मी वाकलंय तो दर्याक. मगे थय बूट खयसून इले?"

 मी म्हटलं, "तेंनी तुझो नमस्कार कापून फिरंग्याच्या पायाकडे लावलो, आजो."

"कापून?"

"होय. सिनेमात तसा करतत."

 त्याने नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्यो घरात नेव नको." मी तो कुंपणापाशी ठेवला. नंतर कोणी नेला, माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शाळेत मला माझं नाव उरलं नाही. घातकी म्हणायचे, घातक्याची नात म्हणायचे. मधल्या सुट्टीत एक पोरगी माझ्यासमोर थैली टाकल्यासारखा डबा टाकायची आणि बाकीच्या खिदळायच्या. ते मी सहन केलं. पोरं ती पोरंच. पण बाजारात आयेला एक मोठी, चांगल्या घरची बाई, सुरमईचे कान उघडून बघता बघता म्हणाली, "तुझ्या सासऱ्याने म्हणे किल्ला विकला होता. तू मासा तरी नीट भावात वीक." थट्टाच होती. आयेने सुरमई तिच्या हातातून काढून घेतली. "मासो घेवचो आसा तर घे, नाय तर वाट धर." घरी येऊन मात्र चुलीपुढे बसून रडली. मला म्हणाली, "धूर गेलो डोळ्यात." चूल पेटलेली नव्हती.

ह्या सगळ्याहून वाईट झालं ते पुळणीवर. आजोला डबा द्यायला मी सकाळी शाळेआधी जायची. त्या सकाळी होडीपाशी सगळे उभे होते, नेहमीसारखे, तांडेल पुढे जाण्याची वाट बघत. आजो पुढे गेला. घोट्यापर्यंत पाणी आलं. तो थांबलाच नाही. सरळ गुडघ्यापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "लोटा."

कोणी हललं नाही.

"लोटा म्हणतंय ना!"

मी काठावरून ओरडले, "आजो, नमस्कार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतका थकलेला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "नको गो. कोणाक काय दिसतला, देवाक ठावक."

होडी लोटली. त्यांच्यातल्या एकाने, मागे राहून, आजोची नजर चुकवून पाणी कपाळाला लावलं. मला त्याचाही राग आला आणि बरंही वाटलं. पुढे तोच माणूस रोज नमस्कार करायला लागला. वर्षभरात तो तांडेल झाला. आजोला कोणी काढलं नाही, कोणी वावगं बोललं नाही. आमच्यात असं कोणी बोलत नाही. फक्त एके दिवशी आजो होडीत मागच्या बाजूला बसलेला दिसला.

मी त्या वयात देवाधर्माची काही मोठी नव्हते. पण आजोचं जे एकमेव स्वतःचं होतं, दर्या आणि तो यांच्यातलं, तेच नेमकं यांनी उचललं आणि एका बुटापुढे नेऊन ठेवलं. पैसे चोरले असते, होडी चोरली असती तर पोलिसात तरी गेलो असतो. हे कुठे जाऊन सांगायचं?

त्या आठवड्यात सिनेमा टॉकीजला होता अजून. रविवारी मी एकटीच परत गेले, दुपारच्या खेळाला. आयेला सांगितलं मैत्रिणीकडे जाते. आता खरं बोलायचं तर सिनेमा भारी आहे. मी कशाला खोटं बोलू? सुरुवातीला धुक्यातून गलबतं येतात तो भाग बघून अंगावर काटा येतो. तटावरून तोफा सुटतात तेव्हा खुर्ची हलल्यासारखी वाटते. सरदाराची बायको त्याला निरोप देते तिथे मी पहिल्या वेळी ढसाढसा रडले होते, दुसऱ्या वेळीही रडले. असा चांगला असतो म्हणूनच तो डोक्यात बसतो. वाईट सिनेमा असता तर कोणी लक्षात ठेवला असता?

पण दुसऱ्यांदा मी दुसरंच बघत होते. आरमार आहे, पण आरमारात आम्ही कुठे आहोत ते शोधत होते. होतो की. वल्ह्यावर. पाठी दिसतात, नुसत्या पाठी. घामाने चमकणाऱ्या, एका रांगेत. तोंडं नाहीत. वर उभं राहून जे आज्ञा देतात त्यांना तोंडं आहेत, नावं आहेत, पागोटी आहेत. गलबत बुडतं तेव्हा वरचा माणूस मरतो, त्याच्यासाठी वाद्यं वाजतात. खालचे कधी मेले ते कळतच नाही. एक आहे बोलणारा, आमच्यातला म्हणून दाखवलेला. तो दारू पिऊन पडतो आणि भलत्याच बोलीत काहीतरी बरळतो. मालवणी नव्हे ती. कुठलीच बोली नव्हे. पण लोक हसतात. टोपीकरांचा कप्तान मात्र रुबाबदार, शब्दाचा पक्का, आमच्या सरदाराला मरताना सलाम करणारा. शत्रूलासुद्धा इज्जत दिलीय. अख्ख्या सिनेमात समुद्रावरच्या एकाच माणसाचा चेहरा जवळून, नीट, पूर्ण दाखवलाय. आजोचा. घात करताना.

तो प्रसंग जवळ आला तशी मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. फक्त पायांकडे नजर लावली. आजो वाकला तेव्हा पाय पाण्यात. लाट येऊन घोट्यावरून परत गेली, मागे नुसता दर्या, दुसरं कोणी नाही. मग बूट आले. बूट कोरडे. खाली वाळूही नव्हती. फरशीसारखं काहीतरी, वर माती पसरलेली. बुटांच्या मागे काळोख, आजोच्या मागे ऊन. मग पुन्हा आजो, पाणी त्याच्या बोटांतून गळतंय. थैली पडली ती कोरड्या जमिनीवर. ज्याने थैली उचलली तो हात आजोचा नव्हता. आजोच्या उजव्या मनगटावर लहानपणी दोरीने कापल्याचा मोठा वण आहे. त्या हातावर काही नव्हतं. गुळगुळीत हात, कधी दोर न ओढलेला.

माझ्या आजूबाजूला लोक दात-ओठ खात होते. कोणी पाय बघत नव्हतं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. नाही ओरडले. बाहेर आले आणि जेटीपर्यंत चालत गेले. जीव नुसता जळत होता.

डिसेंबरात स्नेहसंमेलन. सरांनी ठरवलं, या वर्षी त्याच सिनेमातला किल्ल्याचा प्रवेश करायचा. सर देवळाकडचे, पण वाईट होते असं मी म्हणणार नाही. शिकवायचे जीव तोडून. किल्ल्याची सहल काढायचे, तटावरून चालत गोष्टी सांगायचे. त्या सिनेमावर त्यांचा फार जीव होता, कितीदा पाहिला होता कोण जाणे. सरदाराचं काम वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला दिलं. कप्तान सरांचा पुतण्या, त्याच्या घरी खरे गमबूट होते म्हणून. आणि मग सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तांडेल तू."

मी म्हटलं, "सर, मी मुलगी आहे."

"मुंडासं बांधलं की झालं. तुझ्या घरचंच काम आहे. तुला काही शिकवायला नको."

वर्ग हसला. सरही हसले. मी वर्गाच्या पुढे जाऊन उभी राहिले. सरांचा पुतण्या टेबलावर एक पाय ठेवून कमरेवर हात घेऊन तयारच होता. सर म्हणाले, "हां. आता वाक. हात त्याच्या बुटाला, मग कपाळाला. सुरू."

मी उभीच.

"वाक गं. लाजतेस काय? तुमच्या आजोबांनी किती सहज केलंय बघ."

मी म्हटलं, "मी नाही वाकणार."

"का?"

"आजोने बुटाला हात लावला नव्हता. तो नमस्कार दर्याला होता. तेव्हा तिथे बूट नव्हतेच. सर, तुम्ही इतक्या वेळा बघितलाय, एकदा पाय बघा. आजो पाण्यात आहे आणि बूट कोरडे आहेत."

सरांची नजर पुतण्याच्या पायाकडे गेली. मला वाटलं, त्यांना कळलं. आणि खरोखरच त्यांना कळलं होतं. तेच तर. कळलं होतं त्यांना. ते म्हणाले, "अगं, ती चित्रपटाची भाषा असते. वेगवेगळं घ्यायचं आणि जोडायचं. त्यात मनाला काय लावून घ्यायचं? किल्ला पडला, म्हणजे कोणी तरी वाट दाखवली असणार. कोणाला तरी घातकी दाखवावंच लागतं."

माझ्या तोंडून मालवणीच निघालं. वर्गात मालवणी बोललं की सर हातावर पट्टी मारायचे. "मगे तुमच्यातलो कोणतरी दाखवा."

कोणी हसलं नाही. पुतण्याने पाय टेबलावरून खाली घेतला. सरांचा चेहरा लाल झाला. "हा इतिहास आहे. इतिहासाला तुझं-माझं नसतं."

"इतिहास न्हय तो. सिनेमा आसा."

"वर्गाबाहेर हो."

मी झाले. दप्तर घेतलं, चपला घातल्या, व्हरांड्यातून, मैदानातून, फाटकातून बाहेर.  डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण ते काही माझं ऐकत नव्हतं. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली ती कुठल्या पुस्तकातून समजली नसती. आजोला त्यांनी चुकून घातकी केलं नव्हतं. कोणाला तरी करायचंच होतं. मग समोर जो होता, ज्याला विचारावं लागणार नव्हतं, जो सिनेमा बघायला कधी शहरात येणार नव्हता, त्याला केलं. देवळाकडच्या घरातला असता तर चारदा विचारलं असतं. तेवढंच कारण. त्याच्याहून मोठं काही नाही.

घरी येऊन आजोला सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो पाठीवरून हात फिरवेल. तो जाळं विणत बसला होता. हात थांबला नाही. म्हणाला, "कित्याक गो केलंस? लोक इसारत होते. आता सगळ्यांका परत आठवला."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं. मी आत जाऊन आयेजवळ बसले. आये म्हणाली, "तेचा आयकू नको. तू केलंस ता बरा केलंस." पण तीही हळू आवाजात म्हणाली, आजोला ऐकू जाऊ नये असं.

प्रवेश झाला. तांडेल आमच्याच वाडीतल्या दुसऱ्या एका पोराने केला. टाळ्या मिळाल्या त्याला. इतिहासात त्या वर्षी मी काठावर पास झाले. सर पुढे कधी माझ्याशी वाईट बोलले नाहीत, पण चांगलंही नाही. मी वर्गात नसल्यासारखेच वागायचे.

आजो त्यानंतर काही वर्षं जगला. किनाऱ्यापर्यंत जायचा, पुळणीवर बसायचा, पाण्यात उतरायचा नाही. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी दर्याला नारळ सोडायला जायची तेव्हा तो दारातच बसून राहायचा. एकदा मी हात धरून ओढलं. "चल आजो, कोण नाय बघणा." तो म्हणाला, "दर्या बघता मां." काय वाटत असेल त्याला? दर्याने तो सिनेमा पाहिलाय असं वाटत असेल? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही, कारण उत्तर ऐकवलं नसतं. शेवटच्या आजारात त्याने सिनेमाचं नाव एकदाही काढलं नाही. पाहुणे आले तरी ती गोष्ट सांगितली नाही. आमच्या घरातली एकमेव मोठी गोष्ट होती ती, आणि ती सांगायला घरात कोणी राहिलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा एका दुपारी दोन माणसं आमच्या दारात आली. मी तेव्हा मास्तरकीचं शिकत होते, सुट्टीत घरी होते. गावातले, देवळाकडचे वकील आणि त्यांच्याबरोबर एक तरुण. सिनेमाला इतकी वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. पुन्हा दाखवणार, भाषणं होणार, इथे चित्रण झालं म्हणून इथल्या माणसांचा सत्कार. वकील चांगलं बोलणारे. खाटेवर बसले, आयेने केलेला चहा घेतला. म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी ती तांडेलाची भूमिका अमर केली. इतका नैसर्गिक अभिनय आजकालच्या नटांना जमत नाही. ते नाहीत, पण शाल तुम्ही स्वीकारा."

आये माझ्याकडे बघायला लागली. बाप गोव्याहून आलेला होता, तो म्हणाला, "मान देतत तर घेवया. नाय कित्याक म्हणा?"

मी वकिलांना म्हटलं, "मी येते. शाल नको. फक्त पाच मिनिटं बोलायला द्या. सिनेमा सुरू व्हायच्या आधी."

"काय बोलणार?"

"तो अभिनय नव्हता, एवढं. तो काय होता ते सांगेन."

वकिलांनी कप खाली ठेवला. त्या तरुणाकडे पाहिलं. "तसं कार्यक्रमात बसत नाही हो. वक्ते ठरलेत. तुम्ही फक्त स्टेजवर यायचं, शाल घ्यायची, हात जोडायचे."

"म्हणजे परत गप्प राहून वाकायचं."

"तुम्ही भलताच अर्थ काढताय. मान दिला तर नाकारणं शोभत नाही."

"माझ्या आजोला तुम्ही त्याच्या तोंडावर कधी सांगितलंत, तुला काय केलंय ते? वर्षानुवर्षं तो सांगत होता, तुम्ही ऐकत होता. सांगितलंत?"

वकील उठले. दारात चपला घालताना आयेला म्हणाले, "मुलगी शिकली, पण जरा तापट आहे." आये म्हणाली, "आसा." आणि दार लोटून घेतलं.

बाप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याला काही समजावलं नाही.

तर हे असं आहे. तुमचा सिनेमा तुम्ही दाखवा. मी तो बंद करा म्हणत नाही, जाळा म्हणत नाही. मला शाल नको, माफी नको, आजोचं नाव पाटीवर नको. पण तुम्ही जिथे दाखवाल तिथे मी येणार. टॉकीजमध्ये, शाळेत, कोणाच्या घरी व्हिडिओवर. तिकीट काढून, मधल्या खुर्चीत बसणार. तो प्रसंग आला की उठून उभी राहणार आणि जे मी वर्गात सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगणार, मोठ्याने, एकदा नाही, दर खेळाला. बाहेर काढलंत तर दारात उभी राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगणार. कोणी वेडी म्हणेल, म्हणू दे. आजोक आता आयकूक येणा नाय, ता माका कळता. तुमका येता. तुमका आयकूचा लागतला.